फुलकोबीच्या डोक्याची बाई

शेखरने माडीवर नवी खोली काढली आणि मधल्या खोलीतलं लोखंडी कपाट वर नेलं, तेव्हा कपाटामागची भिंत बऱ्याच वर्षांनी उघडी पडली. तिचा रंग जागोजागी फुगला होता आणि मधोमध खाराचा पांढराफट डाग पसरला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर आधी तिथंच जाई. प्रतीक्षाने बियाण्याच्या दुकानातून आलेल्या जुन्या कॅलेंडरचं एक पान फाडलं, मैद्याची खळ शिजवली आणि ते पान डागावर चिकटवून दिलं. पानावर फुलकोबीचा भला मोठा गड्डा होता. डाग झाकला गेला. तिला एवढंच करायचं होतं.

प्रतीक्षा या घरची सून. माहेर बुलढाण्याचं, वडील कचेरीत कारकून. लग्न होऊन ती धामणगाव बढ्याला भाजीवाल्यांच्या घरात आली. सासरे इंद्रभान आणि नवरा शेखर वावरात मेथी, कोथिंबीर, वांगी, फुलकोबी काढत. शेखर सकाळीच पिकअप भरून नांदुऱ्याच्या बाजाराला जाई. सासू पुष्पाबाई चुलीपासून गोठ्यापर्यंत सगळीकडे फिरत असत, त्यांना बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. मुलगी अर्पिता गावातल्याच शाळेत पहिलीत होती. माणसं वाईट नव्हती. प्रतीक्षाला कोणी कधी वावगं बोललं नव्हतं.

पण तिच्या डोक्यात दिवसभर बाजार भरलेला असे. विरजण लावायचं राहिलं का, अर्पिताचे पांढरे मोजे कुठे गेले, मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची, बीपीची गोळी संपत आली, लाईट आली की मोटार चालू करायची, गॅसचा नंबर लावायचा, मजुरांचा चहा, उद्याची भाजी, परवा येणारे पाहुणे. हातून कामं होत, पण झालेलं कामही डोक्यातून जात नसे. ते तिथंच एका कोपऱ्यात सरकून बसे आणि नव्या कामाला जागा करून देई. दुपारी अंग टाकलं तरी मिटल्या डोळ्यांपुढे भांडी येत.

एकदा तिने चहात साखरेऐवजी मीठ टाकलं. "आज बाजारात मीठ सस्तं झालं काय?" शेखर म्हणाला आणि सगळे हसले. तीही हसली. मग न्हाणीत गेली, कडी लावली आणि रडली. कशाचं रडू आलं, हे कोणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

त्याच दुपारी ती मधल्या खोलीत फुलकोबीसमोर बसून होती. शेजारी साडीच्या दुकानाची कागदी पिशवी पडली होती. पिशवीवर जरीच्या साडीतली एक हसरी बाई होती. प्रतीक्षाने उगाच कात्री घेतली आणि तिला कापून काढलं. कात्री निसटली, मान तुटली. तेव्हा तिने ते बिनडोक्याचं अंग फुलकोबीखाली लावून पाहिलं. बरोबर बसलं. फुलकोबीच्या डोक्याची बाई पदर सावरून भिंतीवर उभी राहिली. प्रतीक्षाला कितीतरी दिवसांनी खरंखुरं हसू आलं. माझं डोकं असंच झालंय, तिला वाटलं. गड्ड्यातून गड्डे फुटलेत आणि खायच्या कामाचा एकही नाही.

मग ते रोजचं झालं. डोक्यात एखादी गोष्ट फिरफिर फिरू लागली की ती कागद शोधी. लग्नपत्रिका, औषधांची माहितीपत्रकं, बिस्किटांचे पुडे, पेपरच्या पुरवण्या, अर्पिताची जुनी पुस्तकं, घरात कागदाला तोटा नव्हता. कुकरला तिने कोंबडीचे पाय लावले आणि त्याला अंड्यांवर बसवलं. फुलकोबीच्या कानातून कपड्यांची दोरी निघाली. तिच्यावर मोजे वाळत होते, आणि दोरी जिथं संपली तिथं त्या मोज्यांना पंख फुटून ते बगळ्यांसारखे उडून चालले होते. गोळ्यांच्या चकाकत्या पाकिटांची नदी झाली. त्या नदीत गॅसचं सिलिंडर म्हशीसारखं नाकापर्यंत बुडून बसलं. एका घड्याळात आकड्यांच्या जागी लहान लहान दारं होती आणि प्रत्येक दारातून कोणीतरी ताट पुढे करत होतं. चिकटवून झालं की थोडा वेळ का होईना, ती गोष्ट डोक्यातून भिंतीवर जाई आणि प्रतीक्षाला डुलकी लागे.

पुष्पाबाईंना ते मुळीच आवडलं नाही.

"हे काय भुताटकी लावून राह्यली व?" त्या म्हणाल्या. "देवाचा एखांदा फोटो लावला असता तं घराले शोभा आली असती."

शेजारची महामाया दही मागायला आली आणि वाटी हातात धरून भिंतीपुढे उभीच राहिली. "लेकरं भ्याले लागतीन," म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी ती नुसती भिंत पाहायलाच आली.

शेखरने मान वर करून पाहिलंही नाही. "राहू दे आत्ता," तो म्हणाला. "होळीच्या आधी तिथं पॅनल ठोकून घेतो अन् टीव्ही लटकावतो. सारं झाकून जाईन."

डाग झाकायला लावलेला कागद आता स्वतःच झाकला जाणार होता, यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे, हे प्रतीक्षाला कळेना. वाईट मात्र वाटलं.

थंडी सरता सरता पुष्पाबाईंच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. बुलढाण्याहून त्या काळा चष्मा लावून परत आल्या, सोबत डोळ्यात टाकायची औषधं आणि बजावून सांगितलेल्या सूचना. चुलीजवळ जायचं नाही, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, ओझं उचलायचं नाही.

"मंग करू काय मी?" त्यांनी विचारलं.

"बसून राह्य," इंद्रभान म्हणाले.

बसून राहणं त्यांना येत नव्हतं. मधल्या खोलीत त्यांची खाट टाकली, नेमकी भिंतीसमोर. पहिले काही दिवस त्या भिंतीकडे पाठ करून पडल्या. पडल्या जागी त्यांचे हात मात्र चालत. कधी ते हवेत मेथीची जुडी बांधत, कधी चादरीवरचा नसलेला खडा निवडून टाकत. मग एका कुशीने अंग दुखलं आणि त्या भिंतीकडे वळल्या.

चष्म्याच्या काळोख्या हिरवटपणात खोली विहिरीच्या तळासारखी दिसे. एका डोळ्यात औषध, दुसरा आधीच धुरकट. दारातून येणारं ऊन जमिनीवरून सरकत भिंतीच्या पायथ्याशी येई, तेव्हा कागदांच्या सुटलेल्या कडा वाऱ्याने हलत.

"ते बाई हालली व," एका दुपारी त्या म्हणाल्या.

प्रतीक्षा शेजारी वालाच्या शेंगा सोलत होती. "कोणती बाई?"

"तेच. गोबीच्या डोक्शाची. पदर खोचला तिनं आत्ता."

"चष्म्यामुळे वाटत असेल, आत्याबाई."

"वाटू दे. कुठी चालली ते?"

हा प्रश्न आजवर प्रतीक्षाला कोणी विचारला नव्हता. तिने शेंगांचं ताट बाजूला ठेवलं. "कुठंच नाही जाऊन राहिली. घरातच आहे. कामं करते."

"मंग एवढी नटली काऊन?"

"आत काय चाललं आहे ते कोणाला दिसू नये म्हणून."

पुष्पाबाईंचे हात चादरीवर थांबले. प्रतीक्षाला वाटलं, त्यांना झोप लागली.

"हाव," मग त्या म्हणाल्या. "असंच असते." आणि थोड्या वेळाने, भिंतीवरची नजर न काढता, "मले तं सपनातबी सैपाकच दिसते. लग्न झालं तवापासून. भाकरी थापतो, थापतो, टोपलं काई भरत नाई. सकाळी उठलं का हात दुखते अन् पुन्हा थापाच लागते. मी म्हनतो, सपनातल्या त्या भाकरी कोनं खाल्ल्या असतीन व?"

प्रतीक्षाने आपल्या सासूकडे पाहिलं. इतकी वर्षं एका ओट्याशी उभ्या राहून दोघींनी स्वयंपाक केला होता. भाजीत तिखट किती, दूध आलं का, कुत्रं हाकल, याच्यापलीकडे दोघींमध्ये बोलणं झालं नव्हतं. तिने उठून लग्नपत्रिकांचा गठ्ठा आणला आणि वाटी उपडी ठेवून गोल कापायला बसली. पिवळे, सोनेरी, लाल, बदामी. कोणावर नवरदेवाच्या नावाचं अर्धं अक्षर, कोणावर गणपतीची सोंड.

"ह्या तुमच्या भाकरी," ती म्हणाली. "कुठं लावू?"

पुष्पाबाई खाटेवरून सांगत गेल्या. "टोपलं खाली ठेव. अन् ह्या अशा वर जाऊ दे. अजून वर. आढ्याले लागू दे."

प्रतीक्षा स्टुलावर चढली. भाकरी टोपल्यातून उठून थव्याने आढ्याकडे निघाल्या.

"आता खानारं लाव कोनी."

"कोण लावू? मामाजी?"

"मानूस नको," पुष्पाबाई लगबगीने म्हणाल्या. "मानूस पुन्हा वाढ म्हनते."

दोघी हसल्या. पुष्पाबाई इतक्या हसल्या की डोळ्याला ताण पडेल म्हणून प्रतीक्षाला त्यांना थांबवावं लागलं. शेवटी अर्पिताच्या जुन्या पुस्तकातला हत्ती सापडला. त्याला आढ्याशी, ढगांवर उभं केलं, सोंड भाकरींच्या थव्यात घालून.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुष्पाबाई झोपेतून उठल्या त्या दूरच्या गावाहून आल्यासारख्या. "सारं खाल्लं त्यानं," त्या म्हणाल्या.

"कोणी?"

"हत्तीनं. सारं टोपलं रितं केलं, हौदावर पानी पेला अन् गेला निंघून."

"मग तुम्ही काय केलं?"

"काई नाई. मी बसून होती. बांधावर, पाय सोडून." आणि हे ऐकून कोणी रागावेल की काय अशा नजरेने त्यांनी दाराकडे पाहिलं.

त्या दुपारी चांगल्या गेल्या. पण पुष्पाबाई खाटेवर होत्या तोवर घरातलं दोघींचं काम एकटीवर आलं होतं. गोठा, धुणं, भाकरी, मजुरांचा चहा, त्यात पुन्हा पुन्हा डोळ्यात टाकायची औषधं. कोणतं कधी टाकायचं हे चुकू नये म्हणून प्रतीक्षा ते तोंडाने पुटपुटत फिरे. भिंतीवर चिकटवायला आता वेळ उरत नव्हता आणि डोक्यातलं सगळं डोक्यातच साचत होतं.

एका दुपारी तिने गॅसवर दूध ठेवलं आणि कोथिंबीर आणायला मागच्या दाराने वावरात गेली. घरामागेच एक वाफा बियाण्यासाठी राखलेला होता. तिथली कोथिंबीर कमरेपर्यंत वाढून फुलावर आली होती, पांढरी, मध्येच गुलाबी झाक असलेली बारीक फुलं. खालच्या बाजूला कोवळी पानं मिळतात म्हणून ती आत शिरली. पायात गोखरूचा काटा टोचला. काढायला ती खाली बसली. बसल्यावर सगळीकडून फुलंच फुलं झाली, घर दिसेना. मधमाश्यांचा एकसारखा आवाज येत होता. गोखरू निघाला. उठायचं, असं तिने मनाशी म्हटलं आणि ती आडवी झाली.

वर फुलं आणि त्यांच्यावर आभाळ होतं. मग त्या फुलांमधून कुकर चालत आला, कोंबडीच्या पायांनी, हळूहळू. शिट्टी न करता तो तिच्या उशाशी येऊन पंख मिटल्यासारखा बसला. त्याच्यामागून मोजे आले आणि जोडी न शोधता आपापले झाडांवर बसले. ताटं आली, वाट्या आल्या, विळी आली. सगळे तिच्याभोवती जमले. आता हे सगळे काहीतरी मागणार, या भीतीने तिने अंग आवळून घेतलं. पण कोणी काही मागितलं नाही. सिलिंडरने एक जांभई दिली. घड्याळातली दारं एकामागून एक लागत गेली, जत्रेतली दुकानं संध्याकाळी बंद होतात तशी. शेवटी फुलकोबीची बाई आली. तिने डोक्यावरचा गड्डा दोन्ही हातांनी उतरवला आणि बांधावर ठेवला. खाली काय चेहरा आहे, ते प्रतीक्षाला उन्हामुळे दिसलं नाही. मग तेही दिसेनासं झालं आणि ती गाढ झोपली.

शेखर त्या दिवशी बाजारातून लवकर आला. दारातच करपल्याचा वास आला आणि खाटेवरून पुष्पाबाईंची हाक. त्याने धावत जाऊन गॅस बंद केला. पातेलं काळं पडलं होतं, दूध ओट्यावरून खाली सांडलं होतं. प्रतीक्षा नव्हती. तिचा फोन मिक्सरशेजारी पडला होता. एवढ्यात अर्पिताही शाळेतून आली आणि दप्तर टाकून आजीजवळ बसली.

"कुठी गेली ही?" शेखर वैतागला. "लक्षच नसते हिचं. दिवसभर कागद चिकटवत बसते."

"ये इकडे," पुष्पाबाई म्हणाल्या. "बस."

"आई, मी काय बसू आता?"

"बस म्हनलं ना. तिचं लक्ष कुठी असते ते पाह्यचं हाय तुले? मंग पाह्य भिंतीकडे."

तो खाटेच्या कडेला टेकला. इतक्या दिवसांत त्याने ती भिंत पॅनलच्या मापासाठी पाहिली होती, तेवढीच. आता त्याने पाहिलं. ताटं पुढे करणारी दारं पाहिली. गोळ्यांची नदी पाहिली, ती बापाच्या गोळ्यांची आहे हे त्याला कळलं. मग भिंतीच्या मध्याशी, एका उघड्या दाराच्या तोंडाशी, पुरुषाच्या बुटांचा जोड दिसला. बुटांतून दोडक्याचा वेल फुटून वरपर्यंत गेला होता.

"हे जोडे कोनाचे?"

"तुहे असतीन. वाटेत काढून ठेवतं तू. ते रोज ओलांडते, नाई तं उचलते."

पार खाली, जमिनीलगत, एक बोटाएवढी बाई बोटाएवढ्या बाजेवर झोपलेली होती. बाजेचे पाय चहाच्या कपांत उभे होते. शेखर वाकला. बाईचे डोळे उघडे होते.

"हे झोपली नाई?"

"कशी झोपीन? एवढं सारं तिच्या डोक्शात हाय."

शेखर उठला, ओट्यावरचं दूध पुसलं आणि मागच्या दाराने बाहेर पडला. विहिरीपाशी तो थांबला, आत डोकावला. पाणी शांत होतं. आपण का डोकावलो, हे लक्षात येताच तो घाईने मागे सरला. त्याने हाक मारली. उत्तर आलं नाही. मग त्याला कोथिंबिरीच्या वाफ्यात एके ठिकाणी फुलं दबलेली दिसली.

प्रतीक्षा कुशीवर झोपली होती, एक हात गालाखाली. केसांत फुलांचा चुरा पडला होता. तिला असं झोपलेलं त्याने कधी पाहिलं आहे का, ते त्याला आठवेना. त्याने तिला उठवलं नाही. तिथंच मातीत बसला.

ऊन कललं तेव्हा तिने डोळे उघडले आणि ताडकन उठून बसली. "दूध!"

"उतू गेलं. पुसलं म्या."

"अर्पिताची शाळा..."

"घरी हाय ते. आईजवळ."

"आत्याबाईंचं औषध राहिलं, मामाजी..."

"प्रतीक्षा," तो म्हणाला, "थांब न जराशी."

ती थांबली. त्याने एक देठ तोडला, बोटांत चुरगाळला. "भिंतीवर माह्ये जोडे काऊन लावले?"

"तुमचे नाहीत ते," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुमचेच आहेत."

आणि ती बोलू लागली. आधी बुटांबद्दल, मग मोज्यांबद्दल, मग सगळ्याबद्दलच. चहातल्या मिठाच्या दिवशी न्हाणीत ती रडली होती, तेही सांगितलं. शेखर मध्ये दोनदा बोलायला गेला, "मले सांगाचं ना मंग," म्हणून. ती म्हणाली, "सांगायचं लक्षात ठेवणं, हेही मलाच करावं लागते." त्यावर तो नुसतं ऐकत राहिला. वाफ्यावरचं ऊन पिवळं पडलं, मधमाश्या गेल्या, तेव्हा दोघं उठून घरी आले. कोथिंबीर न्यायची राहिलीच.

त्या दिवसापासून घर एकदम बदललं असं झालं नाही. अर्पिताला सकाळी शाळेसाठी तयार करण्याचं काम शेखरने घेतलं. तिचे मोजे बहुतेक वेळा एक पांढरा आणि एक पिवळट असत, आणि शाळेतल्या बाईंनी त्याबद्दल विचारलंही. इंद्रभान आपली गोळी आपण घेऊ लागले आणि घेतल्याचं घरभर सांगू लागले. बूट काही दिवस दाराबाहेर राहिले, मग पुन्हा आत आले, मग शेखरच्या लक्षात आलं तेव्हा पुन्हा बाहेर गेले. टीव्हीचं पॅनल त्याने समोरच्या भिंतीला ठोकून घेतलं.

काळा चष्मा उतरला त्या दिवशी पुष्पाबाई भिंतीजवळ गेल्या आणि उजव्या डोळ्याने नीट पाहिलं. त्यांचा चेहरा पडला.

"हे तं नुसते कागद हाय व. वाकडेतिकडे कापेल. अन् इथं माशीनं घान केली."

"कागदच आहेत, आत्याबाई," प्रतीक्षा म्हणाली.

"मी म्हनलं..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. पदराच्या टोकाने माशीची घाण पुसली, सुटलेली एक कड अंगठ्याने दाबून बसवली आणि स्वयंपाकघरात गेल्या. तरीही दुपारी त्यांनी आपली खाट तिथून हलवू दिली नाही.

होळी झाली. दुसऱ्या डोळ्यासाठी बुलढाण्याला जायचं ठरलं, तेव्हा शेखर म्हणाला, मी नेतो पिकअपमधून. पुष्पाबाईंनी नको म्हटलं. "आमी दोघी जातो यष्टीनं. तू घर पाह्य."

राजूरच्या घाटात एसटी पहिल्या गिअरवर आली. वळणावळणाला सागाची पानगळ झालेली झाडं, मधूनच पेटल्यासारखा पळस. पुष्पाबाई खिडकीशी होत्या. या रस्त्याने त्या कितीदा तरी वर गेल्या होत्या, दवाखान्याला, लग्नाला, मयतीला. पण गेली काही वर्षं खिडकीबाहेर त्यांना धुकंच दिसे. आता त्यांनी कपाळ गजाला टेकवलं. खाली उन्हात वावरं पसरली होती, हिरवे-पिवळे तुकडे, मध्ये चकाकणारं शेततळं.

"एवढं खाली राह्यतो आपन?" त्या म्हणाल्या.

"हो."

"आपलं घर दिसते काय व इथून?"

प्रतीक्षा त्यांच्या खांद्यावरून वाकली. दूरवर कुठेतरी झाडांचा एक दाट पुंजका होता, तो धामणगाव असेल किंवा नसेलही. "नाही दिसत," ती म्हणाली.

"बरं हाय," पुष्पाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पाय समोरच्या सीटखाली लांब सोडले.

प्रतीक्षाचा फोन वाजला. शेखरचा होता. "गूळ कुठी हाय?" एवढं ऐकू आलं आणि घाटात रेंज गेली. तिने फोन पर्समध्ये टाकला. एसटी वळणावर कलली, सगळे प्रवासी एका बाजूला झुकले. वारा आत आला, त्याला वाळल्या गवताचा आणि तापल्या दगडाचा वास होता. ती बाहेर बघत राहिली. पठार यायला अजून बरीच वळणं होती.